पालथा पेला

३ फेब्रुवारी

धाकट्या,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून या वेळी पत्ता दुकानातल्या मशीनवर टाइप करून घेतला. फसवलं म्हण हवं तर. आता फोडलंच आहेस तर खाली बसून वाच. उभ्यानं वाचायला लागलास की तू निम्म्यावर सोडतोस, हे मला तू शाळेत होतास तेव्हापासून ठाऊक आहे.

आधी घरचं. बाबांच्या पायांवर सूज आहे. डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय, पाणी साठतंय. आडवं झालं की धाप लागते, म्हणून खुर्चीतच झोपतात. जिना बंद झाला. त्यांच्या अभ्यासाच्या खोलीतलं मेज मी भिंतीला सरकवलं आणि तिथंच त्यांचं सगळं मांडलंय. त्यांच्या जागी नवे पाळक आलेत. भला माणूस आहे. घर कधी रिकामं करताय असं एकदाही विचारलेलं नाही, फक्त अधूनमधून येऊन खिडक्यांची मापं घेतात. उपदेश आता तेच करतात. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस मात्र बाबा दुसऱ्या कुणाला वाटू देत नाहीत. भिंत धरून जातात, पण स्वतः देतात.

मी अजून चष्म्याच्या दुकानातच आहे. काचा घासते, दांड्या वाकवते. रविवारी ऑर्गन वाजवते आणि शनिवारी प्रभुभोजनाचे पेले धुते. या मंडळीत बायकांना एवढाच अधिकार, तो मी कुणाला देत नाही.

लिहायचं कारण ते पेलेच. पालथा पेला तू विसरला नसशील. ज्याला मंडळीबाहेर काढलं त्याचा पेला पाळकानं प्रभुभोजनाच्या मेजावर पालथा घालायचा, आणि तो माणूस परत घेतला जाईपर्यंत दर प्रभुभोजनाला तबकात तसाच मांडायचा. तुझा इतकी वर्षं मी तसाच मांडत आले. इतरांबरोबर धुतेही. त्यात कधी थेंब पडत नाही, मग धुतेस कशाला, असं आई म्हणायची. आई होती तोवर.

मागच्या प्रभुभोजनाला तबकात दोन पेले पालथे होते. मला वाटलं, माझीच चूक. मी दुसरा सरळ केला आणि ऑर्गनवर जाऊन बसले. उपासना संपल्यावर पाहते तर तो पुन्हा पालथा. घरी येऊन बाबांना विचारलं.

"तो माझा आहे," म्हणाले. "परत हात लावू नकोस."

त्याच्या आदल्या आठवड्यात टेलरबाईंची मुलगी घरी आली होती. आता ती स्वतः दोन लेकरांची आई आहे. तिच्याबरोबर आणखी एक बाई होती, लहानपणी तीही आपल्या गायनमंडळात होती. बाबांनी दार लावून घेतलं. मी चहा केला, तो तसाच ओट्यावर थंड झाला. त्या गेल्यावर बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"तो खरं बोलत होता," म्हणाले.

तो म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. तूही विचारणार नाहीस.

मी तुला ये म्हणत नाही. फक्त कळवलं.

ताई


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर येणार नाही हे धरूनच चालले होते, त्यामुळे मनाला लागलं वगैरे काही नाही. थोडं लागलं.

तू गेल्यावर त्या दिवसाबद्दल या घरात कुणी बोललं नाही. आता बाबा रोज बोलतात, आणि ऐकायला मी एकटीच. तू सगळ्या मंडळीसमोर उभा राहिलास आणि म्हणालास, गायनमास्तर मुलींना एकेकटीला सरावासाठी थांबवून घेतात, आणि तो सराव नसतो. बाबांनी साक्षीदार मागितले. शास्त्राप्रमाणे दोघातिघांच्या तोंडचं हवं. तुझ्याकडे एकच होती, टेलरबाईंची मुलगी, आणि ती आईच्या मागं तोंड लपवून उभी. बाबा म्हणाले, शब्द मागे घे. तू म्हणालास, मी घेत नाही, तुम्ही तुमचा देव मागे घ्या. उचलली जीभ लावली टाळ्याला! ते एक वाक्य गिळलं असतंस तर मंडळीच्या पंचांना तुला काढणं एवढं सोपं गेलं नसतं. पण मग तो तू नसतास.

बाबांनी तुझा पेला पालथा घातला. मंडळी आमेन म्हणाली. लाकडाच्या वखारीचे मालक, आपले वखारवाले पंच, सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले. गायनमास्तर पुढे मानानं जगले आणि मानानं मेले. त्यांच्या नावाची पाटी ऑर्गनच्या वर भिंतीत बसवलीय. मी वाजवते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सुरांचं पुस्तक असतं आणि त्याच्यावर ती.

तर आता बाबांनी पंचांना बोलावून सगळं सांगितलं. त्या दोघींची परवानगी घेऊन सांगितलं. आधी सगळ्यांनी चहा संपवला. मग वखारवाले म्हणाले, "पाळकसाहेब, माणूस गेला, विषय संपला. झाकली मूठ आहे, ती झाकलेलीच बरी." दुसरे एक म्हणाले, "म्हणजे मंडळी चुकली असं आपण आता लिहून ठेवायचं का?" बाबा म्हणाले, "हो." त्यावर कुणी नाही म्हणालं नाही. विषय पुढच्या बैठकीवर ठेवला. पुढची बैठक कधी, हेही पुढच्या बैठकीत ठरणार असेल.

बाबा थांबले नाहीत. रविवारी नव्या पाळकांचा उपदेश संपायच्या आत उठले आणि मेजापाशी गेले. आवाज पार खोल गेलाय, पण मागच्या बाकापर्यंत ऐकू आला. म्हणाले, "माणसाला त्याच्या पापात बांधण्याचा आणि त्यातून सोडण्याचा अधिकार मंडळीला दिलेला आहे. दिलेला आहे, आपल्या मालकीचा नाही. मी मालकाच्या किल्लीनं माझ्या खऱ्या बोलणाऱ्या मुलाला बाहेर ठेवून दार लावलं. ते आज उघडतो." आणि तुझा पेला सरळ केला. वखारवाले उठून बाहेर गेले, त्यांच्यामागं चारदोन घरं गेली. टेलरबाईंची मुलगी मागच्या बाकावर होती. ती रडत नव्हती, नुसती बघत होती.

मला वाटलं, सुटलो. घरी आल्यावर म्हटलं, आता तुमचाही सरळ करू का? तर म्हणाले, "स्वतःला कोण सोडवतं?"

बिशपसाहेबांच्या कानावर गेलं. ते स्वतः आले, बाबांच्या खुर्चीशेजारी बसले, फार मायेनं बोलले. पाळकानं स्वतःला बहिष्कृत करणं हे नियमातच नाही, म्हणाले. "आणि असलं तरी मला अधिकार आहे. मी तुम्हाला मोकळं करतो." बाबांनी त्यांचा हात हातात घेतला. "अधिकार आहे, साहेब," म्हणाले. "पण मी तुमचं काय बिघडवलंय?"

बाबांनी टेलरबाईंच्या मुलीची क्षमा मागितली होती, पहिल्याच दिवशी. ती म्हणाली, "माझं मी देवाशी बघून घेईन. तुम्ही आधी त्याला विचारा, ज्याला माझ्यापायी बाहेर काढलंत."

आता कळलं मी का लिहितेय? बाबा स्वतः प्रभुभोजनाची भाकर घेत नाहीत. दुसऱ्यांना देतात आणि स्वतः उपाशी परत येतात. तुझा शब्द येईपर्यंत घेणार नाहीत. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. मंडळीबाहेरचा माणूस म्हणून त्यांना मरायचं नाही, पण मेले तर आपल्याला तेच योग्य, असं त्यांनी ठरवलंय. हट्टीपणा तू आईकडून घेतलास असं सगळे म्हणायचे. सगळे चुकत होते.

ये, किंवा लिही. क्षमा केली, एवढंच.

ताई


१४ मार्च

तुझं कार्ड मिळालं. एका बाजूला बंदराचं चित्र, दुसऱ्या बाजूला एक ओळ. "मी कधी बांधलाच गेलो नव्हतो, त्यांना सांग." खाली सहीसुद्धा नाही.

दुकानात काउंटरवर वाचलं. समोर गिऱ्हाईक बसलं होतं, त्याचा चष्मा मी उलटा त्याच्या नाकावर चढवला. नंबर बदलला असेल असं त्या बिचाऱ्याला वाटलं.

वाक्य छान आहे. बरीच वर्षं घोटलेलं दिसतंय. तिकडे गोदीत वेल्डिंग करताना, तोंडावर ती काळी काच ओढून घेतल्यावर, हेच म्हणत असशील मनाशी. तुझं बरोबरही असेल. चुकीच्या माणसानं, चुकीच्या कारणासाठी, खोट्याच्या बाजूनं लावलेलं दार देव कशाला मानेल? मला हे कळतं. मी पेले धुते म्हणून माझं डोकं धुऊन निघालेलं नाही.

पण तू एका बाजूनंच विचार केलास. तुझ्याबाबतीत बाबांच्या हातात काहीच नव्हतं, तर मग इतरांच्या बाबतीत तरी काय होतं? घड्याळवाले आठवतात? गाडी मागं घेताना त्यांचं स्वतःचं लेकरू चाकाखाली आलं. त्यांनी जगायचं नाही असं ठरवलं होतं. बाबा रोज त्यांच्या दुकानात जाऊन बसायचे, त्या टिकटिकीत. एक दिवस डोक्यावर हात ठेवून म्हणाले, तुला क्षमा आहे. मी सांगतोय म्हणून नाही, मला सांगायला पाठवलंय म्हणून सांगतोय. घड्याळवाले जगले. अजून घड्याळं दुरुस्त करतात. त्यांना जाऊन सांगू का, की तो नुसता एका म्हाताऱ्याचा हात होता?

आणि आई. तिचे शेवटचे दिवस तुला माहीत नाहीत, कारण तू आला नाहीस. तुझा पेला पालथा घातला तेव्हा आईही आमेन म्हणाली होती. पाळकाची बायको, पहिल्या बाकावर, सगळे बघत होते, म्हणाली. शेवटच्या दिवसांत तिला दुसरं काही सुचत नव्हतं. पोराला मी माझ्या तोंडानं बाहेर काढलं, एवढंच. मी किती समजावलं, तू बोलावंस म्हणून किती वाट पाहिली. शेवटी बाबांनी तिच्या कपाळावर हात ठेवून क्षमेचे शब्द म्हटले. नवरा म्हणून नाही, पाळक म्हणून म्हटले, अंगात झगा घालून. मी तिथं होते. तिचा चेहरा सैल झाला, धाकट्या. गाठ सुटावी तसा. तशीच ती गेली.

बांधणं खोटं होतं तर सोडणंही खोटं. निम्मं ठेवून निम्मं फेकता येत नाही. तू त्या एका ओळीत आईला परत बांधून टाकलंस.

मला काय वाटतं ते विचारू नकोस. रोज वेगळं वाटतं. कधी वाटतं हा सगळा माणसांनी माणसांवर चालवलेला कारभार आहे, वखारवाल्यांच्या वखारीसारखा. आणि कधी आईचा चेहरा आठवतो.

कार्ड मी बाबांना दाखवलेलं नाही. वाचून ते तुझ्यावर रागावतील म्हणून नाही. त्यांना ते पटेल म्हणून. आणि ते पटलं तर एवढं आयुष्य ज्याच्या भरवशावर काढलं, त्यातलं त्यांच्या हाती काहीच उरणार नाही. पोस्ट हल्ली फार रेंगाळते, असं मी त्यांना सांगितलंय.

ताई


२ एप्रिल

धाकट्या,

बाबा आता मेजापर्यंतही जात नाहीत. प्रभुभोजन नवे पाळक देतात. उपासनेनंतर ते भाकर घेऊन घरी येतात, बाबा नको म्हणून मान हलवतात, आणि ते बिचारे झाकलेली ताटली घेऊन परत जातात. दोनदा झालं. दुसऱ्यांदा फाटकापाशी थांबून मला म्हणाले, "ताई, मला असं कुणी शिकवलेलं नाही हो." मी म्हटलं, आम्हालाही नाही.

मी दुकानातून आले की बाबा विचारतात, "आला का?" तू आलास का, पत्र आलं का, फोन आला का, ते म्हणत नाहीत. मी नाही म्हणते. ते म्हणतात, "कामात असेल."

खाली दुकानाचा नंबर लिहिलाय. घरी करायचा नसेल तर तिथं कर. दुकान सकाळी उघडल्यापासून मी फोनजवळच असते. शिवी देऊन माफ केलंस तरी चालेल. तुला गोड बोलता येत नाही हे आम्हाला माहीत आहे.

खरं लिहू? मला तुझा राग येतो. आईच्या वेळी आला नाहीस, याचा येतो. सगळं आजारपण, औषधं, पंचांची तोंडं माझ्या एकटीच्या अंगावर टाकलीस, याचा येतो. आणि त्या दिवशी तूच बरोबर होतास, ही माझी सगळ्यांत मोठी अडचण आहे. चुकलेल्या माणसावर रागावणं किती सोपं असतं.

तुझी बाजू मी नाकारत नाही. तुला घरातून आणि देवाच्या घरातून एकाच दिवशी काढलं, एकाच माणसानं. क्षमा करणं हे तुझ्यावर कर्ज नाही. मी मागतेय ते हक्कानं मागत नाही, हात पसरून मागतेय.

लवकर कर.

ताई


१९ एप्रिल

धाकट्या,

बाबा गेले. गुरुवारी आईशेजारी पुरलं. तुला आधी कळवलं नाही. कळवूनही तू आला नाहीस असं व्हायला नको होतं, म्हणून कळवलंच नाही. वखारवाले आले होते. खांदा दिला. रडलेही. माणसाचं काही सांगता येत नाही.

आता मी जे केलं ते सांगते. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

सोमवारी दुकानातून आले. बाबांच्या ओठांवर निळसर झाक आली होती. शेजारच्या काकू त्यांच्याजवळ बसल्या होत्या, त्यांना मी घरी पाठवलं. बाबांनी डोळे न उघडता विचारलं, "आला का?"

मी चपला काढत होते. वाकलेलीच होते. म्हटलं, "दुकानात फोन आला होता."

ठरवून नाही म्हटलं. तोंडून निघालं, आणि निघाल्यावर परत घेता येईना.

त्यांनी डोळे उघडले. "काय म्हणाला? त्याचेच शब्द सांग. तुझे नकोत."

तू बाबांना ओळखतोस. साक्षीदार मागणारा माणूस. मला वाटलं, आता सापडले. मग तू कसा बोलतोस ते आठवलं आणि म्हटलं, "म्हणाला, माफ केलं म्हणावं त्यांना. पण मी येणार नाही, आणि पुन्हा पुन्हा पत्रं पाठवू नका."

बाबा हसायला लागले. धाप लागेपर्यंत हसले, मी पाठ चोळत राहिले. "तोच," म्हणाले. "तोच आहे." गोड काही सांगितलं असतं तर त्यांनी मला जागच्या जागी पकडलं असतं. तुझा कडूपणा एकदाचा कामी आला.

मग म्हणाले, नव्या पाळकांना बोलाव. मी पळत गेले. ते जेवत होते, तसेच हात धुऊन आले. बाबांना गिळता येत नव्हतं, म्हणून भाकरीचा कण द्राक्षरसात भिजवून चमच्यानं दिला. नवे पाळक वचन म्हणत होते आणि मी ताटली धरून उभी होते. माझी नजर ताटलीवरून वर उठेना. नव्या पाळकांना वाटलं, दुःखानं. बाबा बराच वेळ तो कण तोंडात धरून राहिले. मग गिळला. "किती दिवसांनी," म्हणाले. चेहरा आईच्या चेहऱ्यासारखा झाला. मंगळवारी दुपारी गेले.

तुझ्या नावानं मी क्षमा केली. तू दिलेली नव्हतीस ती.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात घोळतोय. बाबांनीही जन्मभर हेच केलं, दुसऱ्याच्या नावानं लोकांना सोडवलं. त्या प्रत्येक वेळी वरून फोन आला नव्हता. देवानं आधीच सांगून ठेवलंय, तो नाही म्हणणार नाही, एवढ्या भरवशावर ते बोलत राहिले आणि माणसं जगत राहिली, मरत राहिली. मी तेच केलं. फरक एवढाच, की तू मला काहीच सांगून ठेवलं नव्हतंस. उलट नाही म्हटलं होतंस. म्हणून माझं खोटं आणि त्यांचं खरं? की मी मारला तो नुसता अंदाज, आणि त्यांचाही अंदाजच? नव्या पाळकांना विचारता येईना. ते पुस्तक काढून बसतील.

ज्याला लागायचं त्याला ते लागू झालंय, एवढं मी पाहिलं. पण ते खरं ठरवणं माझ्या हातात नाही, बिशपांच्या नाही, पंचांच्या नाही. ज्याला आम्ही बाहेर काढलं, त्याच्याच हातात सगळा अधिकार येऊन बसलाय.

तर असं करू. तुला हे मान्य नसेल तर तसं स्पष्ट लिही. मी ते पत्र त्यांच्या कबरीपाशी नेऊन मोठ्यानं वाचेन. त्यांना फसवून मातीत ठेवणार नाही. रागावणारही नाही, तो तुझा हक्क आहे.

आणि मान्य असेल तर काही लिहू नकोस. तुला गप्प राहायची सवय आहेच. तुझं गप्प राहणं म्हणजे हो, असं मी धरते.

पोस्टमन रोज अकराच्या सुमारास दुकानावरून जातो. इतके महिने मी त्यानं थांबावं म्हणून काचेतून बघत असायचे. आता तो कोपऱ्यावर दिसला की मी हातातलं काम ठेवते आणि त्यानं थांबू नये म्हणून प्रार्थना करते.

ताई